एकच सळई, दोन मुंडकी: मॉन्ट्रोजची गोष्ट

मागच्या भागात आपण पहिल्या चार्ल्स राजाला लंडनमध्ये वधस्तंभापर्यंत पोचवलं होतं. ३० जानेवारी १६४९. तो भाग ऐकताना मलाच एक गोष्ट खटकत राहिली. सगळी कथा आपण इंग्लंडच्या खिडकीतून पाहिली. पण या यादवीची पहिली ठिणगी पडली ती स्कॉटलंडमध्ये, आणि तिथे लोकांनी जे भोगलं त्याचा मी नुसता ओझरता उल्लेख केला. म्हणून आज एकाच स्कॉटिश सरदाराची गोष्ट सांगते. जेम्स ग्रॅहम, मॉन्ट्रोजचा पाचवा अर्ल आणि पुढे पहिला मार्क्विस.

सुरुवात शेवटापासून करू. एडिनबरा शहरात सेंट जाइल्स चर्चला लागून टोलबूथ नावाची इमारत होती. शहराचा तुरुंग तोच. आज ती इमारत नाही, पण ती जिथे होती तिथे फरसबंदीत दगडांनी हृदयाचा आकार केलाय आणि लोक जाता-येता त्यावर थुंकतात. खरंच थुंकतात, तशी प्रथाच आहे. तर या टोलबूथवर एक लोखंडी सळई होती. मे १६५० मध्ये मॉन्ट्रोजचं मुंडकं तीवर खोचलं. जवळजवळ अकरा वर्षं ते तिथेच होतं. १६६१ च्या जानेवारीत मोठ्या इतमामाने ते खाली उतरवलं. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याच सळईवर दुसरं मुंडकं चढलं. ते होतं आर्गाइलचा मार्क्विस आर्चिबाल्ड कॅम्पबेल याचं, म्हणजे मॉन्ट्रोजच्या हाडवैऱ्याचं.

आता गंमत बघा. हे दोघेही एकेकाळी एकाच बाजूला होते. दोघांनीही एकाच करारनाम्यावर सह्या केल्या होत्या. मग झालं काय?

थोडं मागे जाऊ. पहिला चार्ल्स जन्माने स्कॉटिश, पण लहानपणीच लंडनला गेला तो तिकडचाच झाला. १६२५ मध्ये गादीवर आला आणि स्कॉटलंडमध्ये राज्याभिषेकासाठी उगवला १६३३ मध्ये! आठ वर्षांनी. तिथलं चर्च धर्मगुरू आणि वडीलधाऱ्यांच्या सभा चालवत, आणि वरून लादलेल्या बिशपांवर लोकांचा राग होता. अशा ठिकाणी राजाने १६३७ मध्ये इंग्लंडच्या धर्तीवरचं नवं प्रार्थनापुस्तक पाठवलं. ना संसदेला विचारलं, ना चर्चच्या महासभेला. २३ जुलैला सेंट जाइल्समध्ये ते पहिल्यांदा वाचायला घेतलं आणि दंगल झाली. जेनी गेडिस नावाच्या भाजीवालीने बसायचं स्टूल उचलून धर्मगुरूवर भिरकावलं, असं परंपरा सांगते. जेनी खरी असो वा नसो, स्टुलं मात्र उडाली.

त्यातून निघाला नॅशनल कव्हेनंट, म्हणजे राष्ट्रीय करारनामा. २८ फेब्रुवारी १६३८ रोजी एडिनबराच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये त्यावर सह्या सुरू झाल्या. सही करणाऱ्यांना इंग्रजीत कव्हेनंटर म्हणतात. आपण करारवाले म्हणू, कानाला बरं वाटतं. पहिल्या सह्या करणाऱ्या सरदारांत पंचविशीतला मॉन्ट्रोज होता.

हा करारनामा नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर टांगलेलं आहे. त्यात दोन वचनं होती. एक, आम्ही आमच्या धर्माचं रक्षण करू. दोन, आम्ही राजाच्या जिवाचं आणि अधिकाराचं रक्षण करू. एकाच कागदावर दोन्ही! लिहिणाऱ्यांना त्यात विसंगती दिसली नाही. राजा शहाण्यासारखा वागला असता तर ती कधी दिसलीही नसती.

मॉन्ट्रोज कोण होता? जन्म १६१२. वडील गेले तेव्हा वय चौदा. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकला, तिथे तिरंदाजीचं पदक मिळवलं. सतराव्या वर्षी लग्न. मग तीन वर्षं युरोपात भटकंती. दिसायला देखणा, कविता करणारा, आणि स्वतःच्या मोठेपणाची पुरेपूर जाणीव असलेला. त्याचा पालक होता त्याच्या बहिणीचा नवरा आर्चिबाल्ड नेपियर. हा जॉन नेपियरचा मुलगा. शाळेत लॉगॅरिदमच्या तक्त्यांनी ज्यांनी आपल्याला छळलं ना, तेच जॉन नेपियर. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

१६३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा मॉन्ट्रोज करारवाल्यांचा सेनापती म्हणून उत्तरेला ॲबर्डीनवर गेला. हे शहर राजाच्या बाजूचं, करारनामा नाकारणारं. त्याच्या सैनिकांची खूण होती निळी फीत. शहरातल्या बायकांनी काय करावं? कुत्र्यांच्या गळ्यात निळ्या फिती बांधल्या! जॉन स्पॉल्डिंग नावाच्या तिथल्याच एका बखरकाराने लिहून ठेवलंय की सैनिकांनी रागाने ती कुत्री मारून टाकली. माणसांवर मात्र तेव्हा तशी वेळ आली नाही. ॲबर्डीनवर आपल्याला परत यायचंय.

१६४० च्या ऑगस्टमध्ये करारवाल्यांची फौज इंग्लंडमध्ये शिरली, तेव्हा ट्वीड नदी ओलांडणाऱ्यांत मॉन्ट्रोज सर्वांत पुढे होता. आणि नेमक्या त्याच महिन्यात त्याने काही सरदारांबरोबर एक गुप्त कागद केला, कम्बरनॉल्डचा करार. आपल्यातलेच मोजके लोक देशाची सत्ता बळकावतायत, त्यांना रोखायचं, असा त्याचा रोख होता. मोजके लोक म्हणजे मुख्यतः आर्गाइल.

संशय उगाच नव्हता. त्याच उन्हाळ्यात अर्ल ऑफ एअर्लीच्या वाड्यावर मॉन्ट्रोजने कारवाई केली होती. वाडा शरण आला, त्याने तिथे आपली शिबंदी ठेवली, विषय संपला. मागून आर्गाइल आपली फौज घेऊन आला आणि शरण आलेला तो वाडा त्याने जाळला. एअर्लीचं ओगिल्वी घराणं आणि आर्गाइलचे कॅम्पबेल यांचं जुनं वैर होतं. म्हणजे धर्मरक्षणाच्या नावाखाली भाऊबंदकीचा हिशेब चुकता होत होता. मॉन्ट्रोजच्या मनात तिथे काहीतरी मोडलं, असं मला वाटतं.

त्या सुमाराचं एक पत्र त्याचं म्हणून ओळखलं जातं. त्यातला युक्तिवाद असा: सर्वोच्च सत्ता कुठेतरी असावीच लागते. राजाची सत्ता ईश्वराच्या, निसर्गाच्या आणि देशाच्या कायद्याने बांधलेली हवी. पण राजाला दुबळं करून ती प्रजेतल्या काही जणांनी हिसकावली, तर लोकांच्या वाट्याला त्याहून वाईट जुलूम येतो. हा माणूस राजाला देव मानत नव्हता, हे यातून दिसतं. प्रार्थनापुस्तकाच्या बाबतीत राजा चुकला यावर तो ठाम होता. करारनाम्यातलं पहिलं वचन पुरं झालं, आता लोक दुसरं विसरतायत, असं त्याचं म्हणणं.

गुपित फुटलं. जून १६४१ मध्ये त्याला एडिनबराच्या किल्ल्यात कैद झाली. त्याच उन्हाळ्यात खुद्द राजा स्कॉटलंडला आला, समेट करायला. आणि समेट केला कुणाशी? आर्गाइलशी. नोव्हेंबरमध्ये चार्ल्सने आर्गाइलला अर्लचा मार्क्विस केलं. मॉन्ट्रोज राजाच्या बाजूने बोलला म्हणून कोठडीत, आणि राजा पदवी देतोय कोठडीत टाकणाऱ्याला! राजाने त्याला वाऱ्यावर सोडण्याची ही पहिली खेप.

१६४२ मध्ये इंग्लंडात राजा विरुद्ध संसद असं युद्ध सुरू झालं. पुढच्या वर्षी करारवाल्यांनी इंग्लिश संसदेशी दुसरा करार केला आणि १६४४ च्या जानेवारीत राजाविरुद्ध फौज पाठवली. मॉन्ट्रोजला हा दुसरा करार मंजूर नव्हता. तो राजाकडे गेला. राजाने त्याला मार्क्विस केलं, स्कॉटलंडचा सेनापती नेमलं. सैन्य मात्र दिलं नाही, कारण नव्हतंच. ऑगस्ट १६४४ मध्ये हा सेनापती मोतद्दाराच्या वेषात, दोन सोबत्यांसह, स्कॉटलंडमध्ये शिरला.

सैन्य त्याला आयतं मिळालं. अलास्टर मॅककोला नावाचा एक धिप्पाड लढवय्या आयर्लंडहून दीड-दोन हजार माणसं घेऊन उतरला होता. हा मॅकडॉनल्ड कुळातला, आणि कॅम्पबेलांनी मॅकडॉनल्डांच्या जमिनी गिळलेल्या. त्याला राजाचं फारसं काही पडलं नव्हतं, त्याला कॅम्पबेल हवे होते. दोघांची गाठ ब्लेअर ॲथॉलला पडली आणि पुढचं वर्षभर या जोडीने सहा लढाया जिंकल्या. टिपरम्यूर, ॲबर्डीन, इन्व्हरलॉकी, ऑल्डर्न, ॲल्फर्ड, किल्साइथ. आपल्याकडे याला कुणीही पटकन गनिमी कावा म्हणेल. पण या लढाया समोरासमोरच्या होत्या. गनिमी म्हणायची तर ती चाल: आज इथे, परवा डोंगरापलीकडे.

सगळ्या लढाया सांगत बसत नाही. इन्व्हरलॉकी मात्र सांगायलाच हवी. जानेवारी १६४५ चा शेवट. पुढे एक फौज, मागे आर्गाइलची दुसरी, मध्ये मॉन्ट्रोज. त्याने सरळ वाट सोडली आणि बर्फाने भरलेल्या डोंगरांतून वळसा घेतला. सुमारे दीड दिवस चाल. खायला थंड पाण्यात कालवलेलं ओटचं पीठ, तेही मूठभर. २ फेब्रुवारीच्या पहाटे बेन नेव्हिस डोंगराच्या पायथ्याशी कॅम्पबेलांना समोर माणसं दिसली, तेव्हा आधी त्यांना ती एखादी किरकोळ टोळी वाटली. आर्गाइल स्वतः किनाऱ्यापासून जवळ, आपल्या गलबतावर होता. त्याचा खांदा घोड्यावरून पडून दुखावला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्या गलबतावरूनच त्याने आपल्या कुळातली माणसं कापली जाताना पाहिली. त्याच्या बाजूचे सुमारे १,५०० मेले. इयन लोम नावाच्या मॅकडॉनल्ड कवीने या विजयावर गेलिक भाषेत कवन रचलं, आणि त्यात शत्रूबद्दल कणभर कणव नाही.

आता ॲबर्डीन. खरं सांगते, कॉलेजात असताना वॉल्टर स्कॉटची मॉन्ट्रोजवरची कादंबरी वाचली होती आणि तेव्हापासून हा माणूस माझा हिरो होता. या भागासाठी ॲबर्डीनचं प्रकरण मुळातून वाचलं आणि तो कौतुकाचा रंग बराच उतरला.

१३ सप्टेंबर १६४४. मॉन्ट्रोजने शहराकडे शरणागतीचा निरोप पाठवला, सोबत एक नगारा वाजवणारा पोरगा. शहराने नकार दिला, आणि परतीच्या वाटेवर कुणीतरी त्या पोराला गोळी घातली. मॉन्ट्रोज संतापला. लढाई जिंकली आणि माणसं शहरावर सोडली. तीन दिवस लूट, खून, बलात्कार. स्पॉल्डिंग, तोच कुत्र्यांची गोष्ट लिहिणारा, सांगतो की चांगले कपडे घातलेला माणूस दिसला की आधी त्याचे कपडे उतरवून घेत, रक्ताने खराब होऊ नयेत म्हणून, आणि मग मारत. हा स्पॉल्डिंग स्वतः राजाच्या बाजूचा, म्हणजे मॉन्ट्रोजच्याच पक्षाचा, बरं का! आणि हे शहर तेच. पाच वर्षांपूर्वी याच माणसाने याच शहरावर करारनामा लादला होता. आता तो पाळल्याची शिक्षा तोच देत होता. मेलेल्यांत कितीतरी असे होते ज्यांना करारवाले मुळात नकोच होते.

त्याचे चाहते म्हणतात, सैन्य त्याच्या हातात राहिलं नाही. मला हे अर्धंच पटतं. पुढच्या वर्षी किल्साइथ जिंकल्यावर त्याने ग्लासगोत लूट होऊ दिली नाही, म्हणजे मनात आणलं तर त्याला आवरता येत होतं. त्याचा परिणाम काय झाला, तेही बघा. लूट नाही म्हटल्यावर हायलंडची माणसं पांगली. मॅककोला आपल्या माणसांसह पश्चिमेला कॅम्पबेलांचा मुलूख जाळायला गेला. स्कॉटलंडचा सर्वेसर्वा होऊन महिना होत नाही तोच मॉन्ट्रोजजवळ हजार-दीड हजार माणसं उरली.

१३ सप्टेंबर १६४५, ॲबर्डीननंतर बरोबर एका वर्षाने, फिलिपहॉच्या मैदानात दाट धुक्यातून डेव्हिड लेस्लीचं घोडदळ आलं. मॉन्ट्रोज जवळच्या सेलकर्क गावात मुक्कामाला होता, धावत पोचेपर्यंत खेळ संपत आला होता. तो निसटला. जीवदान मिळेल या शब्दावर आयरिश सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली, आणि त्यांना मारलं. त्यांच्या मागे चाललेल्या बायका आणि मुलांनाही मारलं. लेस्लीसोबतच्या धर्मगुरूंनी दया दाखवू नका म्हणून आग्रह धरला होता. तेव्हा ॲबर्डीनसाठी मॉन्ट्रोजला दोष देताना समोरची बाजू साधुसंतांची होती असं कुणी समजू नये.

१६४६ मध्ये हरलेला राजा स्कॉटिश सैन्याच्या, म्हणजे करारवाल्यांच्याच स्वाधीन झाला, आणि त्यांच्या अटीनुसार मॉन्ट्रोजला हुकूम धाडला: शस्त्र खाली ठेव, देश सोड. ही दुसरी खेप. सप्टेंबरमध्ये एका धर्मगुरूचा नोकर बनून मॉन्ट्रोज नॉर्वेच्या जहाजात बसला. पुढच्या जानेवारीत स्कॉटिश सैन्याने राजाला इंग्लिश संसदेच्या हवाली केलं आणि थकलेल्या पगारापोटी ठरलेल्या ४ लाख पौंडांचा पहिला हप्ता घेऊन घर गाठलं. राजा विकला, असं लोक तेव्हाही म्हणाले.

राजाला मारल्याची बातमी ऐकून मॉन्ट्रोज बेशुद्ध पडला, असं त्याच्या चरित्रकाराने लिहिलंय. आता गादीचा वारस दुसरा चार्ल्स, वय अठरा, परदेशात आश्रयाला. त्याने मॉन्ट्रोजला सगळे अधिकार दिले, गार्टर हा मोठा किताब दिला, स्कॉटलंडवर स्वारी कर म्हणाला. आणि त्याच वेळी हॉलंडमधल्या ब्रेडा शहरात करारवाल्यांशी बोलणी लावली. हिशेब सोपा होता: मॉन्ट्रोजची धास्ती दाखवून अटी सैल करून घ्यायच्या. मॉन्ट्रोजला हे कळत नसेल? मला वाटतं कळत होतं. तो तरीही गेला.

ऑर्क्नी बेटांवरून तो सुमारे १,२०० माणसं घेऊन उतरला. २७ एप्रिल १६५० रोजी कार्बिसडेलला दोन-अडीचशे घोडेस्वारांनी त्याचा धुव्वा उडवला. तो डोंगरांत भटकला, उपाशी, आणि शेवटी ॲसिंटच्या नील मॅक्लाउडच्या हाती लागला, ज्याने त्याला सरकारच्या ताब्यात दिलं. आणि ब्रेडाचा तह? १ मे. लढाईनंतर चार दिवसांनी. राजाने हात झटकले, त्या स्वारीशी माझा संबंध नाही म्हणून. ही तिसरी खेप, आणि शेवटची.

१८ मे रोजी त्याला एडिनबरात आणलं. गाडीला बांधून, बोडक्या डोक्याने, गाडी हाकणारा जल्लाद. लोकांनी दगड मारावेत म्हणून हात बांधले होते, पण लोक गप्प राहिले, काही रडलेही. वाटेत मोरे हाउसच्या सज्जात आर्गाइल होता, मुलाच्या लग्नाच्या मंडळींसह. खटला चाललाच नाही. १६४४ मध्येच त्याच्या गैरहजेरीत शिक्षा ठरलेली होती. २१ मे. तीस फूट उंच फाशीचा खांब, लाल भरजरी पोशाख, आणि गळ्यात दोरीने बांधलेलं पुस्तक. त्याच्या पदरी असलेल्या जॉर्ज विशार्ट या धर्मगुरूने लॅटिनमध्ये लिहिलेलं, त्याच्याच मोहिमांचं. हिणवण्यासाठी बांधलं होतं. तो म्हणाला, गार्टरपेक्षा हे मला अधिक भूषणाचं आहे. वय सदतीस. शेवटपर्यंत त्याचं सांगणं एकच: १६३८ च्या करारनाम्याशी मी कधीच बेइमान झालो नाही. मुंडकं टोलबूथवर, हात-पाय तोडून स्टर्लिंग, ग्लासगो, पर्थ आणि ॲबर्डीनला पाठवले.

महिन्याभरात दुसरा चार्ल्स स्कॉटलंडला पोचला. किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधी त्याने दोन्ही करारांवर सह्या केल्या. पुढच्या १ जानेवारीला स्कूनला राज्याभिषेक झाला आणि राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवला तो आर्गाइलने. मग राजा क्रॉमवेलकडून हरला, पळाला, १६६० मध्ये परत आला, आणि त्याच आर्गाइलला राजद्रोहाखाली पकडलं. ११ मे १६६१ रोजी मॉन्ट्रोजचे अवशेष सरकारी इतमामाने सेंट जाइल्समध्ये पुरले. २७ मे रोजी आर्गाइलचं डोकं उडवलं. सळई रिकामीच होती. आज त्याच चर्चमध्ये दोघांचीही स्मारकं आहेत.

आणि आता नेपियर. धड पुरलं होतं ते नेपियरांच्या घराजवळच्या माळावर. मॉन्ट्रोजच्या भाच्याच्या बायकोने, लेडी नेपियरने, माणसं पाठवून त्यातलं हृदय काढून आणवलं आणि लहानशा पोलादी डबीत जपलं. पुढची कहाणी सर अलेक्झांडर जॉन्स्टन या नेपियरांच्या वंशजाने सांगितलेली आहे. तिला पुरावा त्याच्या शब्दाचाच, तेव्हा तेवढ्याच विश्वासाने ऐका. अठराव्या शतकात ही डबी त्याच्या आईबरोबर भारतात आली, मदुरैला. वाटेत फ्रेंच जहाजाशी झालेल्या चकमकीत बाहेरची सोन्याची पेटी फुटली; मदुरैच्या सोनाराने तशीच दुसरी घडवली. हे जवळ असलं की लढाईत जखम होत नाही, अशी वदंता पसरली आणि डबी चोरीला गेली. ती एका पाळेगाराने विकत घेतली. जॉन्स्टन तेव्हा पोरगा होता, या पाळेगाराबरोबर शिकारीला जायचा. त्याने हकीकत सांगितल्यावर पाळेगाराने डबी मानाने परत केली. पुढे हा पाळेगार इंग्रजांविरुद्ध उठला आणि मारला गेला. मरताना त्याने मॉन्ट्रोजची आठवण काढली म्हणे.

डबी कुटुंबाबरोबर युरोपला परतली. फ्रान्समध्ये क्रांतीच्या धामधुमीत ती बुलोन शहरातल्या एका बाईकडे लपवायला दिली. ती बाई वारली, आणि डबीचा पत्ता लागला नाही तो नाहीच.

पुढच्या भागात मॅककोलाबरोबर आयर्लंडला जाऊ. त्याचं पुढे काय झालं ते आज सांगायचं राहूनच गेलं.